मालुबाईच्या रक्तातले जंतू

भरमू हिंडलग्याचा. बेळगावातल्या एका डेंटल कॉलेजच्या लॅबमध्ये तो काचेच्या नळ्या धुवायला लागला, त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. पुढच्या सव्वीस वर्षांत नळ्या धुता धुता तो बरंच शिकला. शेवाळापासून केलेल्या कोमट खळीत मेंढीचं रक्त मिसळून ती चपट्या बशांत ओतायची, थंड झाली की जेलीसारखी बसायची. पेशंटच्या दातांवरचा मळ तिच्यावर तारेनं पसरला की एक-दोन दिवसांत जंतूंचे ठिपके उठत. शिकणारी पोरं पुस्तकं चाळत बसायची तोवर भरमू बशी उजेडाकडे धरून सांगायचा, "ठिपक्याच्या कडंनं हिरवट झालंय न्हवं? तोंडातला साखळी करून ऱ्हाणारा जंतू हाय ह्यो. सगळ्यांच्याच तोंडात असतोय."

बायको मालुबाई जांबोटीकडची. लहानपणी एका पावसाळ्यात तिला ताप आला, गुडघे-घोटे सुजले. एस्टी चार-चार दिवस यायची नाही. झाडपाल्यावर सूज उतरली, पण हृदयाची एक झडप कायमची खरबरीत झाली. ते कळलं मुलगी ऋतिका पोटात असताना, सातव्या महिन्यात दम लागायला लागला तेव्हा. डॉक्टर म्हणाले, "तोंड स्वच्छ ठेवा. दात काढायचा झाला तर आधी आम्हाला सांगा. तोंडातले जंतू रक्तात गेले तर असल्या झडपेवर बसतात."

मालुबाईनं मान डोलावली. घरी आल्यावर निपाणीच्या तंबाखूची मिश्री मात्र सुटली नाही. तव्यावर तंबाखू भाजून कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावत मागच्या दारी बसायची. भरमूनं ब्रश आणून दिला. तो मोरीच्या खुंटीवर वर्षभर कोरडाच राहिला. भरमूला ते दिसत होतं. दोन-चारदा बोलून त्यानं सोडून दिलं.

एका दिवाळीनंतर तिला संध्याकाळचा ताप यायला लागला. जवळच्या डॉक्टरनं टायफॉइडच्या गोळ्या दिल्या. ताप उतरायचा, चार दिवसांनी परत चढायचा. दीड महिन्यात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी भरमूनं तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं रक्तात जंतू वाढतात का बघायला तीन वेळा रक्त घेऊन बाटल्यांत घातलं.

तिथल्या लॅबमधला विक्रम भरमूच्या ओळखीचा. तिसऱ्या दिवशी त्यानं फोन केला, "भरमूअण्णा, जरा येऊन जावा." भरमू गेला. टेबलावर बशी होती. विक्रम काही बोलायच्या आत भरमूनं ती उचलली आणि खिडकीकडे धरली. बारीक बारीक ठिपके, कडेनं हिरवट. बशीच्या पाठीवर मालुबाईचं नाव लिहिलेलं होतं.

"तोंडातला," भरमू म्हणाला.

"व्हय," विक्रम म्हणाला. "तिन्ही बाटल्यांत त्योच हाय."

औषध शिरेतून सुरू झालं, पण झडपेवर जंतूंची गाठ धरली होती आणि झडप फाटत चालली होती. ऑपरेशन सोसण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तिनं पाणी मागितलं. भरमू पेला भरून येईस्तोवर ती गेली होती.

तेराव्याचे दिवस झाले तसा तो कामावर जायच्या आधी हॉस्पिटलात विक्रमकडे गेला. नेमाप्रमाणे बशी वाफेच्या भांड्यात घालून तिच्यातले जंतू मारायचे होते. भरमू म्हणाला, "मारू नगंस. समता मॅडमना इचारतो."

डॉक्टर समता भरमूच्या लॅबमध्ये संशोधन करायच्या. निपाणीच्या. त्यांच्या आईनं विड्या वळून त्यांना शिकवलं होतं. तोंडातले जंतू आपल्या भोवती काय चाललंय ते कसं ओळखतात, हा त्यांचा विषय. भरमूनं त्यांना सांगितलं, मालुबाईचे जंतू आपल्या लॅबमध्ये ठेवून तपासा, त्यांच्यात असं काय होतं ते बघा.

"अण्णा, हे जंतू तुम्हालाच वाढवावे लागतील. बघवेल का?"

"न्हाई बघवलं तर सांगतो."

परवानगीच्या कागदावर ऋतिकाच्या आणि त्याच्या सह्या घेतल्या. बशीवर मालुबाईच्या नावाच्या जागी एक नंबर आला.

समता मॅडमनी त्याला नीट समजावून सांगितलं. हा जंतू एकटा असो की हजारात, तो एक बारीकसं रसायन बाहेर सोडत राहतो. आसपास कोणी नसलं तर ते विरून जातं. दाटी झाली की ते साठत जातं, आणि ठरावीक साठलं की सगळे एकदम वागणं बदलतात. चिकट थर धरतात, एकमेकांना बिलगून बसतात. त्या थरात औषधही नीट शिरत नाही. साखर आली, तोंड आंबट झालं, हिरडीखाली हवा कमी पडली, तेही त्यांना कळतं.

एके दिवशी दोघांनी मालुबाईच्या जंतूंनी गढूळ झालेली नळी घेतली. गाळणीतून गाळून जंतू काढून टाकले, राहिलं ते पाण्यासारखं नितळ. दुसऱ्या नळीत थोडेच जंतू होते, त्यात ते घातलं. शेजारी तितकेच जंतू असलेली एक नळी तशीच ठेवली. काही तासांनी दोन्ही धुऊन जांभळा रंग घातला. गाळलेलं पाणी घातलेल्या नळीच्या काचेवर जाड जांभळा थर बसला होता. दुसरी जवळजवळ कोरी होती.

"थोडेच होते, तरी त्यांना वाटलं आपण लई आहोत," समता मॅडम म्हणाल्या.

"नुसत्या निरोपानं," भरमू म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "ह्यो जंतू वेगळा हाय का, मॅडम? लई जहाल?"

त्यांनी मान हलवली. "नाही, अण्णा. सगळ्या तपासण्या केल्या. चारचौघांसारखाच आहे."

भरमूला हे सोसलं नाही. काहीतरी भयंकर होतं म्हणून ती गेली, असं त्यानं मनाशी धरलं होतं. दोन दिवसांनी तो परत आला. "माझ्या तोंडातलं बी बघा."

त्या नको म्हणत होत्या. तो हटला नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. त्याच्या दातांवर मालुबाईचाच जंतू होता, ओळखीच्या सगळ्या खुणा जुळत होत्या.

"माझ्याकडनं तिला गेला?"

"ते सांगता येत नाही. तिच्याकडून तुम्हाला आला असेल. एका घरात पंचवीस-सव्वीस वर्षं राहिल्यावर असं होतंच. आणि तुमची झडप चांगली आहे, म्हणून तुम्हाला काही होत नाही."

तो नळ्या धुवायला गेला. त्या दिवशी त्यानं धुतलेल्याच नळ्या परत धुतल्या.

ऋतिका लोंढ्याला दिलेली, नवरा रेल्वेत. वर्षश्राद्धाला आली तेव्हा बापानं तिला हे सगळं सांगितलं. भांडी घासता घासता ती थांबली.

"आप्पा, आईच्या हिरड्यातनं वरीसभर रगत यायचं. मीठपाण्यानं चूळ भरून ती तसंच झाकून न्यायची. मला ठाव होतं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तिनं शपथ घातली. म्हणायची, त्यास्नी सांगू नगं. त्यांच्याच कालेजात न्हेऊन बसवतील. त्यांच्या वळखीची माणसं माझं तोंड बघून काय म्हणतील? त्यास्नी खाली बघाय लागंल."

भरमूला आठवलं. तो कॉलेजातल्या गोष्टी घरी सांगायचा. कुणाचे दात कसे किडलेले, कुणाच्या तोंडाला कसा वास येत होता, पोरं कशी नाक मुरडत होती. तोही हसायचा सांगताना. मालुबाई पदर तोंडावर धरून ऐकायची.

ऋतिका रडत होती. तिला जवळ घ्यावं, तुझी चूक न्हाई म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. पण हात पुढं झाला नाही. दुसऱ्या दिवशी ती लोंढ्याच्या गाडीनं गेली. तो स्टेशनपर्यंत गेला, पिशवी हातात दिली, तेवढंच.

चार दिवसांनी दुपारी लॅबच्या जिन्यात उभं राहून त्यानं फोन लावला.

"ऋतू, तुझी चूक न्हाई गं. ती माझ्या बोलण्याला भ्याली."

पलीकडून तिनं हळूच विचारलं, "आप्पा, जेवलासा का?"

"व्हय," तो म्हणाला. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं.