पुढे साठ, मागे चाळीस

मेलेली माणसं आपल्याला सोडून जात नाहीत. ती आपल्या श्वासात वस्तीला येतात. हे वाक्य मी आजवर तीन शोकसभांत म्हटलंय आणि तिन्ही वेळा पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावलाय. प्रत्यक्षात आप्पासो लोहार माझ्या श्वासात वगैरे राहत नाही. तो दुपारी जेवण झाल्यावर येतो आणि आल्या आल्या शिवी देतो.

आज दोन वाजता मी आडवा होतो. खाटेखाली आंब्यांची पेटी आहे. सकाळीच शालनवहिनींनी, म्हणजे आप्पासोच्या बायकोनं, पाठवली. पेटीमागोमाग त्यांचा फोन आला.

"भावजी, वर्ष झालं. तो ट्रेलर दुकानासमोर तसाच पडलाय. लोक बघतात आणि म्हणतात, लोहार स्वतःच्याच वेल्डिंगनं मेला. तीन गिऱ्हाइकं फिरली. तुम्ही जीपमध्ये यांच्या शेजारी बसला होता. जोड आधी तुटला का पलटी झाल्यावर, एवढंच सांगा. आधी तुटला असंल तर चारला भंगारवाला येतोय, देऊन टाकते. नसंल, तर दारात उभा करून एकेकाला दाखवते."

मी म्हणालो, "नीट आठवून तीनपर्यंत सांगतो."

वर्षभर दुसरं काहीही न आठवणारा माणूस असं म्हणाला आणि पिठलं-भात जेवून आडवा झाला.

डोळे मिटतात. खाट किंचित डावीकडे जाते, मग उजवीकडे. बेताचीच. पंख्यामुळे असेल म्हणून मी कूस बदलतो, तर उशाला खिडकी आहे आणि खिडकीतून झाडं मागं पळतायत.

"उठ रे भाड्या. वजन मागं चाललंय."

आप्पासो पायथ्याशी उकिडवा बसलाय. अंगात बनियन, कपाळावर वेल्डिंगचा काळा चष्मा, कानामागे खडू. मेल्यापासून तब्येत सुधारलीय.

"ही माझी खाट आहे," मी म्हणतो.

"खाट माझी. मी बनवली. तू फक्त झोपलास."

खरंच ही ट्रेलरमधली खाट आहे. खाली पत्र्याच्या जमिनीवर, बरोबर चाकांच्या वर, पिवळा पट्टा ओढलाय आणि त्याच्याच अक्षरात लिहिलंय: पुढे ६०, मागे ४०. पन्नाशीनिमित्त आम्हां दोघांना फिरायला म्हणून त्यानं ही चाकांवरची खोली बनवली, तेव्हा मी विचारलं होतं, हे कुणाचे मार्क? त्यानं घरातला वजनकाटा आणून ट्रेलरच्या, जीपला अडकवायच्या आकड्याखाली ठेवला होता. एकूण वजनाचा निदान दहावा हिस्सा जोडावर दाबून बसला पाहिजे, नाहीतर शेपूट हलायला लागतं, म्हणाला होता. मी त्यावर विनोदी लेख लिहिला. चांगला जमला होता.

"वाच," आप्पासो म्हणतो.

"वाचलं."

"वाचून काय केलंस?"

ट्रेलरचं दार उघडं आहे आणि बाहेर घाटाखालचं पाली गाव आहे. चहाची टपरी, जीप, बाकड्यावर पाठमोरा बसून बशीत चहा ओतणारा आप्पासो. आतला आप्पासो त्याच्याकडे कौतुकानं बघतो.

"बघ, निवांत हाय बिचारा. त्यानं सोळा पेट्या पुढं खाटेवर रचल्या, दोरीनं बांधल्या. आता तू काय करतोयस?"

मी दोरी सोडतोय. कोकणातून परतताना गल्लीतल्या प्रत्येक घराची पेटी घ्यावीच लागते, आणि त्या सोळा पेट्या नेमक्या माझ्या झोपेच्या जागेवर आहेत. मी त्या एकेक उचलून मागं, दाराशी नेतोय. माझा युक्तिवादही तयार आहे: वाटायच्या वेळी दाराशी असलेल्या बऱ्या.

"पाच मिनिटं पडतो फक्त," मी म्हणतो.

"तेव्हा पण असंच म्हणालास. नंतर परत लावल्यास का?"

"तू हॉर्न देत होतास."

"म्हणजे हॉर्नची चूक."

मी घाईनं एक पेटी उचलून पुढं आणतो. ठेवतो. वळून बघतो तर ती मागं दाराशी आहे. दुसरी आणतो, तीही मागं. पेट्यांतल्या गवताच्या काड्या अंगभर टोचतायत. आप्पासो काट्यावर वाकलाय.

"शून्य," तो सांगतो. "जोडावर काहीच नाही. जीपचं बूड उचलाय लागलंय. घाटात कळलं नाही, हळू होतो म्हणून. कुठं कळलं?"

"मलकापूरच्या पुढं. उतारावर."

"काय झालं, सांग की शोकसभेला."

कारण आता नगर वाचनालयाचा हॉल आहे. हार घातलेला फोटो, निळ्या खुर्च्या, आणि माईकसमोर मी, गळ्यात हात अडकवलेला. पहिल्या रांगेत शालनवहिनी. मी म्हणतोय, "नियतीच्या मनात काही वेगळंच होतं."

फोटोतून आप्पासो विचारतो, "नियती कुठं बसली होती रे? मागं? किती किलोची?"

कुणी हसत नाही. वाक्य माझं असतं तर हसले असते.

"मला खांदाही दिला नाहीस," तो म्हणतो.

"हाड मोडलं होतं."

"बरोबर. तुझ्याकडं कारण कायम असतं."

हॉल डुलायला लागतो. आधी बेतानं, खुर्च्यांच्या रांगा डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्त. खिडकीजवळून ट्रक जातो आणि हॉलचं मागचं टोक रस्त्याच्या पलीकडे फेकलं जातं. आता माझ्या शेजारी तो आहे, स्टिअरिंगवर. ब्रेक मारत नाही. नुसता पाय ढिला सोडून थांबलाय, कारण ब्रेक मारला की मागचं अंगावर येतं, हे त्याला माहीत आहे. त्याला सगळंच माहीत होतं. एक सोडून.

"मागं काय ठेवलंयस रे?" तो विचारतो. रागानं नाही. ओळखीच्या माणसाला विचारावं तसं.

त्या दिवशी मी उत्तर दिलं नव्हतं. नंतर पोलिसांनी विचारलं, तेव्हा मात्र लगेच दिलं: जोडाचा काडकन आवाज आला साहेब, मग सगळं हललं.

दुकानासमोर ऊन आहे. ट्रेलर आडवा पडलाय, आकडा तुटलेला. आप्पासो तुटल्या जागेवरून अंगठा फिरवतो.

"पलटी झाल्यावर पिळवटून तुटलाय. आधी नाही. बत्तीस वर्षांत माझा एक टाका सुटला नाही, मास्तर."

"माहीत आहे."

"मग शालनला सांग."

"मला काय म्हणतील त्या?"

"तुला म्हणंल. मला लोक म्हणायचे थांबतील."

एवढं सरळ वाक्य मला तीस वर्षांत लिहिता आलेलं नाही. मी म्हणतो, "सांगतो. उठलो की पहिलं तेच."

"मग ऊठ की."

"पाच मिनिटं."

आप्पासो या वेळी शिवी देत नाही. तो कानामागचा खडू काढतो, खिशात टाकतो आणि खाली वाकून खाट जीपपासून सोडवतो. जीप पुढं जाते. मी तिथंच राहतो, अजिबात न हलता, छान सपाट रस्त्यावर.

जाग येते तेव्हा गालाला गवताची काडी चिकटलेली आहे. हाताच्या मुठीतही चार काड्या. खाटेखाली बघतो तर पेटीची एक फळी उचकटलेली. झोपेत माझाच हात खाली गेला असणार. घड्याळात पाचला दहा कमी. फोनवर वहिनींचे तीन कॉल.

मी लावतो. पलीकडे हातोड्याचे घाव ऐकू येतायत.

"वहिनी, त्या पेट्या..."

"पोचली ना पेटी? गोड हाय का?"

"गोड आहे," मी म्हणतो. मी अजून एकही आंबा कापलेला नाही.

"मी किती फोन केले. उचलला नाहीत, तेव्हाच समजले. तुम्हालाही बोलवंना, भावजी. यांच्याबद्दल वाईट कसं सांगणार तुम्ही. ट्रेलर दिला. आत्ताच कापून टेम्पोत भरला."

"वहिनी, ऐका..."

"सातशे वीस किलो झाला."

भंगारात वजन एकूण धरतात. पुढचं-मागचं वेगळं करत नाहीत.