भिंतीवरची बाई

इंदूताई धुणं धुताना कुणाशी बोलत नसत. लग्न होऊन मी तुळजापुरात त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी आडावर मी त्यांना माहेर कुठलं म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. सगळे कपडे पिळून वाळत टाकल्यावर त्या माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "बेंबळी. धुताना दम पुरत न्हाय हो बोलायला." घरात माणसं पुष्कळ, त्यात दोन दीर तालमीत जाणारे. धुण्याच्या सोड्यानं त्यांच्या बोटांची पेरं कायम सोलवटलेली असत.

हैदराबाद संस्थान जाऊन फार वर्षं झाली नव्हती. बाजारात नवनव्या वस्तू येत होत्या आणि एस.टी. स्टँडसमोरच्या भिंतींवर त्यांच्या जाहिराती रंगत होत्या. एका साबणाची जाहिरात रंगवायला सोलापूरहून पेंटर आला आणि काम संपवून निघून गेला. मागे भिंतीवर एक बाई राहिली. अंगावर इस्त्रीची साडी, केसांत गजरा, हातात नवऱ्याचा पांढराशुभ्र सदरा आणि तोंडभर हसू. खाली ठळक अक्षरांत, 'आता धुणं म्हणजे आनंद'. बाईच्या हनुवटीवर तीळ होता. इंदूताईंच्याही होता. नाकाची ठेवणही थोडी तशीच.

ही इंदूताईच, असं आधी कोण म्हणालं, ते कधी कळलं नाही. पण बोलणं इंदूताईंच्या यजमानांपर्यंत, वसंतरावांपर्यंत, त्यांच्या तहसील कचेरीत पोचलं. वहिनी पेंटरपुढं किती वेळ उभ्या होत्या, असं कुणीतरी त्यांना हसत विचारलं. घरी येऊन त्यांनी सगळ्यांसमोर बायकोला विचारलं, "तू त्या माणसाशी बोलली होतीस का?" इंदूताई नाही म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या गप्प राहिल्या. बोभाटा थांबेपर्यंत हिला बेंबळीला ठेवा, असं सासूबाईंनी ठरवलं. अशा गेलेल्या बायका परत येतातच असं नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

इंदूताईंनी सोबत यायला सांगितलं म्हणून मी स्टँडवर गेले. वसंतराव ट्रंक घेऊन पुढं चालत होते. मंगळवार होता, देवीला आलेल्यांची गर्दी होती. स्टँडवरच्या हॉटेलातली माणसं एकदा भिंतीकडं आणि एकदा इंदूताईंकडं बघू लागली. बेंबळीची गाडी उभी होती, पण इंदूताई गाडीकडं गेल्या नाहीत. त्या भिंतीपाशी जाऊन चित्राशेजारी उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर त्यांनी मागं सारला.

"नीट बघा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तीळ माझ्यासारखाच हाय. पण ही धुणं धुताना हसतीय. मला असं हसताना कुणी बघितलंय?" मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "तुम्ही बघितलंय?"

वसंतरावांचा हात उठतो की काय, या भीतीनं मी पुढं झाले. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, मग बायकोच्या बोटांकडं. कंडक्टरनं घंटी दिली.

"न्हाय," ते म्हणाले.

गाडी गेली. त्यांनी ट्रंक उचलली आणि घराची वाट धरली. दारात सासूबाई काही बोलणार, तोच "ती इथंच राहील" एवढं म्हणून ते आत गेले.

पुढं लोक विसरले. एका दुपारी तांदूळ निवडताना इंदूताई मला म्हणाल्या, "लोकांचं काय वाटलं न्हाय बाई. ह्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, त्याचं वाटलं."

नंतर माझ्या यजमानांची भूमला बदली झाली. बऱ्याच वर्षांनी इंदूताई गेल्याचं कळलं, तेव्हा मी भेटायला गेले. वसंतराव ओसरीवर बसले होते, अगदी थकलेले. सून चहा ठेवून आत गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही त्या दिवशी स्टँडवर होता. ती माझ्याबद्दल तुम्हाला कधी काही बोलली होती?"

खोटं सांगणं सोपं होतं. पण माझ्यानं ते झालं नाही. तांदूळ निवडतानाचं इंदूताईंचं ते बोलणं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "मला कधी बोलली न्हाय," ते म्हणाले. मग, "मीही कधी विचारलं न्हाय."