काशम्माच्या वाकळीतलं शेत

शुक्रवार पेठेतल्या काशम्माची वाकळ पांघरायला कमी आणि बघायला जास्त. चिंध्या जोडजोडून ती आपलं दुधनीचं माहेर उभं करायची. नवऱ्याच्या विटक्या निळ्या सदऱ्याचं आभाळ, आईच्या हिरव्या लुगड्याची चिंच. नियम एकच, अंगावर झिजलेलंच कापड घ्यायचं. "कोऱ्या कापडाला माणूस ठाव नसतंय," म्हणायची.

आता वाकळीत फक्त शेत जोडायचं राहिलं होतं. बाप गेला तेव्हा धाकटा भाऊ सिद्धाप्पा म्हणाला होता, "अक्का, तुजा हिस्सा सोड. शेत एकत्र राहिलं तर तुला माहेर राहील. इकणार न्हाय, बसवण्णाची शपत." काशम्मानं तलाठ्यापुढं अंगठा उठवला. शेजारच्या प्रभाताईंनी विचार करा म्हटलं, तर म्हणाली, "भाऊ हाय की माजा."

शेतासाठी तिला सिद्धाप्पाचंच धोतर हवं होतं. नांगरामागं चालून काळ्या रानाचा रंग कायमचा धरलेलं. तसा निरोपही तिनं धाडला होता.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. नागपंचमीसाठी तिला न्यायला सिद्धाप्पा आला तो धोतर घेऊनच. मातीनं नुसतं माखलेलं. काशम्माला भरून आलं. भावाला जेवायला वाढून ती धोतर भिजवायला मोरीत गेली.

पहिल्याच पाण्यात माती सुटली. सगळीच्या सगळी. खालून पांढरंफेक कापड निघालं आणि पाणी पेजेसारखं दाटलं. गिरणीतल्या कामगाराची बायको ती, कोऱ्या कापडाची खळ ओळखायला कितीसा वेळ लागणार? गुडघ्याशी कापड विरलेलंही नव्हतं.

ओलं धोतर घेऊन ती ताटासमोर येऊन उभी राहिली.

"सिद्धू, हे कोरं हाय."

"कोरं कसं? शेतातलंच की."

"खळ बी गेली न्हाय अजून. शेतात जातोस न्हवं?"

"पाय दुखतेत अक्का. गडी लावलाय."

"मग गड्याचं आणायचं."

सिद्धाप्पानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "उन्हाळ्यात शेत दिलं इकून. दुकान टाकलंय. तुला वाईट वाटंल म्हणून..."

"म्हणून माती चोळलीस."

तिनं ओलं धोतर त्याच्यापुढं धरलं.

"कुटली माती रे ही?"

"अंगणातली," तो पुटपुटला. मग जरा धीर करून म्हणाला, "तुजं माहेर मी हाय की. शेत काय करायचंय तुला?"

"शपत कुणाची घेतलीवतीस?"

काशम्मानं त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली, तांब्या भरून ठेवला. "पोटभर जेव," ती म्हणाली. "मग संध्याकाळच्या गाडीनं एकलाच जा."

पंचमीला गल्लीतल्या लेकी-सुना माहेरी पांगल्या. काशम्मा दारात गहू निवडत बसलेली बघून प्रभाताई थबकल्या.

"हे काय, या वर्षी भाऊ आला नाही वाटतं न्यायला?"

"आलावता की."

"मग?"

काशम्मानं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "जेवून गेला," ती म्हणाली.