पाण्याच्या टाकीतून निघालेली बोट

काही कारखान्यांत मालापेक्षा मूर्खपणा जास्त तयार होतो. साकीनाक्याच्या आमच्या फायबरच्या शेडमध्ये तर तो तिन्ही पाळ्यांत व्हायचा! नवा इंजिनियर म्हणून लागलो तेव्हा वाटलं होतं, चार गोष्टी सुधारू. सुधारलं काहीच नाही, किस्से मात्र ढीगभर साठले.

ऑर्डर होती मनोरीच्या दवाखान्याची. पेशंटना खाडीपलीकडे मार्व्याला आणायला एक छोटी बोट. आत कुणी तापाने फणफणलेलं, कुणी अडलेली बाई. अशा बोटीत चूक चालत नाही. आमचे मालक पाटकर साहेब यांना मात्र सगळं चालायचं. जन्मभर पाण्याच्या टाक्या बनवलेल्या! म्हणाले, "टाकीत पाणी आत, बोटीत पाणी बाहेर. एवढाच फरक रे!"

*

पहिली बोट त्यांनी टाकीच्याच साच्यात काढली. गोल टाकी आडवी पाडून मधोमध अर्धी कापलेली.

मी म्हटलं, "साहेब, गोल तळ लोळतो. पिंप पाण्यात टाकून बघा."

पिंप कोण टाकतंय? बोटच पवई तलावात टाकली. फोरमन सावंत मालवणचा. "समुद्र आमच्या रगतात असा!" म्हणत तो चढला आणि बोटीने कूस बदलली. गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून सावंत म्हणतो, "तळ्याचा पाणी गोडा ना, म्हणान झाला. खाऱ्यात असा होवचा नाय!"

*

मग तळ सपाट केला. लोळणं थांबलं, पण वारा आला की बोट परातीसारखी आडवी सरकायची. नाक मनोरीकडे आणि स्वारी निघाली मढला!

मी फळ्यावर चित्र काढलं. तळाला मधोमध लांब, खोल कणा हवा, म्हणजे कील. ती बोटीला आडवी घसरू देत नाही. तिच्यात शिसं भरलं की कललेली बोट परत सरळ होते.

साहेबांनी जांभई दिली. "कॉलेजात फार शिकवतात यार तुम्हाला!"

*

भांडून भांडून कील बसवून घेतली. रजेवरून परत येतो तर कापलेली!

"अरे, शेडमध्ये बोट सरळ उभीच राहत नव्हती. गिऱ्हाइकाला तिरकी दिसते. वाईट ना!"

"आणि शिसं?"

साहेबांनी बोटीच्या छपराकडे हात केला. सगळं शिसं वर नेऊन बसवलं होतं!

"वजन ते वजनच ना रे? खाली काय, वर काय!"

*

शेवटी बोट मार्वे जेट्टीला लागली. दवाखान्याच्या सिस्टर बघायला आल्या होत्या. त्या हो म्हणाल्या की दुसऱ्या दिवसापासून पेशंट त्या बोटीत. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "खाली कील नाही, वजन सगळं डोक्यावर. घेऊ नका."

साहेब तरातरा आले. "सिस्टर, ह्याचं ऐकू नका. पोरगं आहे, उगाच घाबरवतंय. बोट एकदम झकास! पाळणा आहे पाळणा!"

"हो? मग आजचे पेशंट तुम्हीच," सिस्टर म्हणाल्या. "स्ट्रेचर आत ठेवलंय. झोपा. मनोरीला जाऊन येऊ."

जेट्टीवरचे सगळे बघायला लागले. साहेब हसले. बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले. मग सावकाश मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि सावंतच्या हातात दिलं.

सिस्टर म्हणाल्या, "बूट काढलेत ते समजलं, साहेब, झोपायचंय. घड्याळ कशाला काढताय?"