टोक आत खोचलेली गाठ

पातूरहून मी निघालो तो बाच्या भाजीच्या बैलगाडीतून, वांग्यांच्या टोपल्यांना टेकून. मायनं माझ्या मांडीवर तीन गाठोडी ठेवली. "एका गाठीचं पयलं खाजो, दोन गाठींचं मंग, तीन गाठींचं अखेरीले." दशम्या, तिखट पुऱ्या आणि सातूचं पीठ. गाठ मारून झाली की टोक आत खोचायची तिची सवय. "रिकामी फडकी परत पाठवजो. मले समजन, तू जेवून राहिला का उपाशी."

कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. अमरावतीत मला सगळ्याची भीती वाटे, खाणावळीची तर फारच. वाढप्याला "मले वाढा" म्हटलं की पंगतीतली शहरी पोरं हसायची. म्हणून मी खोलीचं दार लावून मायच्या गाठींच्या हिशेबानं जेवायचो. आमच्या मळ्यातली फुलं घेऊन महादूकाका अकोल्याहून आगगाडीनं येत, ते नवी गाठोडी देऊन फडकी नेत.

इंटरची परीक्षा तोंडावर आली होती. काकांनी गाठोडी दिली, "सगळं बरं हाय" म्हणाले आणि चहा न घेताच निघाले. मी गाठोडी पाहिली. तिन्हींना एकच गाठ, आणि टोकं बाहेर लोंबत होती.

त्या मायच्या गाठी नव्हत्या.

मी गाठोडी सोडली नाहीत. अंथरुणाच्या कडेला ती तशीच ठेवून त्यांच्याकडे पाहत बसलो. सोडली तर मनातलं खरं होईल, असं वाटत होतं. शेवटी पुस्तकं टाकून स्टेशन गाठलं. अकोल्यापासून पुढं मिळेल त्या गाडीवर बसलो. वेशीपाशी उतरून घराकडे निघालो.

माय ओसरीत बसली होती. दशम्यांसाठी तापवलेलं दूध उजव्या हातावर सांडलं होतं. हाताला मीच परत पाठवलेलं फडकं बांधलेलं. त्याचंही टोक लोंबत होतं.

"तिनंच सांगतलं, पोराले कयवू नका," बा खाली पाहत म्हणाला.

"गाठ पाहून आला? आन् परीक्षा?" माय रागावली. मग हळूच तिनं विचारलं, "बाच्या दशम्या कच्च्या होत्या का?"

मी खाल्ल्याच नाहीत, म्हणालो.

"मंग तुया बाप चुलीपाशी रडला ते वाया गेलं."

"धुरानं," बा म्हणाला.

परीक्षा मी दिली. मायची बोटं मात्र पुढं नीट मिटली नाहीत. आता मी नागपूरला नोकरी करतो आणि गाठोडी बाच बांधतो. एक, दोन, तीन गाठी. तेवढं मायनं त्याला शिकवलंय. टोक खोचायचं त्याला जमत नाही, आणि ती शेजारी बसून त्यावरून त्याला बोलते म्हणे.

घरी राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्ही अजूनही "सगळं बरं हाय" असाच निरोप धाडता. माझ्यासारखे गाव सोडून आलेले तो ऐकून मान हलवतात. मीही हलवतो. पण घर कसं आहे, ते मी गाठीवर पाहतो. तीन गाठोडी, तीन तऱ्हेच्या गाठी, म्हणजे माय शेजारी बसून सांगते आहे. टोक बाहेर लोंबताना दिसलं, म्हणजे बांधणारा बाच, आणि माझा जीव भांड्यात पडतो.