पाठीवरचं लाल शेपूट

आमच्या वन्संची जीभ म्हणजे मासे कापायचा सुरा. भावजय आहे मी, मला नाही कळणार तर कुणाला? पण त्यांच्या हातातल्या सुया चालायला लागल्या, की मी बापडी पदरचं एक अक्षर बोलत नाही. वन्सं म्हणजे किवा, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्या बंदरात कुणीही बाळंत होवो, वन्संनी विणलेलं अंगडं त्या घरी पोचलंच म्हणून समजा.

अंगड्याच्या पाठीवर, मानेखाली, वन्सं लाल दोऱ्याचे टाके घालतात आणि दोऱ्याचं शेपूट वीतभर लोंबतं ठेवतात. पोर पाण्यात पडलंच, तर देव ते शेपूट धरून वर ओढतो. आमच्याकडे शेपटाशिवाय तान्ह्याला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. आज बोटींवर आरडाओरडा करणारे हे सगळे दांडगे बाप्ये ते शेपूट मिरवत रांगलेत! वन्संना गर्व आहे त्याचा. का नसावा? मलासुद्धा आहे.

यंदा कानबेंच्या घरी पाळणा हलला. गावात कितीतरी वर्षांनी तान्हं आलं. त्यांची सून चिनात्सु ओसाका शहरातली. ती आली तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, "ही बया वर्षभरात पळते की नाही बघा!" वन्सं तर तोंडावर म्हणाल्या होत्या, "हिला मासा डोक्याकडून धरायचा की शेपटीकडून, तेही ठाऊक नाही." तरी तिच्या बाळासाठी पिवळंधमक अंगडं विणलं, असं देखणं की माझी नजर हटेना.

बाळ महिन्याचं झालं, देवळात न्यायचा दिवस आला. रीतीप्रमाणे बाळ आजीच्या, म्हणजे कानबेबाईंच्या हातांवर. पायऱ्या चढताना तिने त्याला खांद्यावर घेतलं, आणि मागून येणाऱ्या आम्ही सगळ्या जागच्या जागी थांबलो.

पाठीवर शेपूट नव्हतं.

मी वन्संकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. सगळ्यांच्या आधी त्यांनीच पाहिलं होतं. उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. आता सगळं बंदर म्हणणार, किवा म्हातारी झाली, पुरे झालं आता. मला तर रडूच फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात चिनात्सु पुढे झाली, वन्संसमोर कमरेतून वाकली. "आजी, चुकलंच माझं. उरलेला दोरा वाटला, म्हणून मीच कापून टाकला."

मग काय विचारता! बायका तुटून पडल्या. सासू म्हणाली, "अगं, देवाचा हात कापलास तू!" दुसरी म्हणाली, "शहरातली ना, कात्री आधी, अक्कल मागून!" पोरगी मान खाली घालून उभी. वन्संनी नुसतं गप्प राहायचं होतं. त्यांची अब्रू शाबूत राहिली असती.

"गप्प बसा गं सगळ्या!" वन्सं कडाडल्या. "शेपूट कापलं तर टाके कुठे जातील? इथे एक टाका तरी दिसतो का कुणाला? विसरले मी. ही किवा विसरली. ऐकलंत? आता बोला काय बोलायचं ते."



वन्संनी बटव्यातून सुई आणि लाल दोरा काढला. पायरीवरच बाळाच्या पाठीवर टाके घातले, शेपूट चांगलं लांब सोडलं. मग चिनात्सुचा दंड धरला. "वळ तिकडे. नीट उभी राहा, नाहीतर टोचेन."

आणि तिच्या कोटाच्या पाठीवर टाके घालायला लागल्या.

मला तर हसू आवरेना. मी म्हटलं, "अहो वन्सं, एवढ्या मोठ्या बाईला कुठे शेपूट लावतात?"

वन्संनी दोरा दाताने तोडला. "पाण्यात उडी हिने मारली, वहिनी. माझ्यासाठी."