मागची सीट आमच्या हॉलमध्ये

अगं, फोन स्पीकरवर टाकून भांडी घासू नकोस, जरा कानाशी धर. आणि इथल्या, अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीच्या शेजाऱ्याला गाडीवेडा म्हणून हसतेस ना, ते आधी बंद कर!

आठवडाभर कॉम्प्युटरवर काम करणारा हा पुण्याचा पोरगा, शनिवारी आपल्या जुन्या गाडीखाली आडवा असतो. "हं, झालं झालं, एकच नट राहिला," असं गाडीला समजावतो, जसं काही बाळाला इंजेक्शनच देतोय. वजन कमी व्हावं म्हणून मागची सीट काढली, ती ठेवली आमच्या हॉलमध्ये. मी तिच्यावर बसून मेथी निवडते.

हौशी लोकांना रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायला मिळते, असा एक दिवस असतो. पहिल्यांदा निघाला तेव्हा मी गुपचूप डिकीत नारळ ठेवला. शुभ म्हणून गं! संध्याकाळी हसत आला. "काकू, तुमचा नारळ पावला. गाडी मस्त पळाली!"

महिन्याने त्याच्या बायकोकडून खरं कळलं. तिथे आधी तपासणी होते, गाडीत एकही सुटी वस्तू चालत नाही. डिकीत नारळ गडगडला आणि याला रांगेच्या शेवटी पाठवलं. वर्षभर वाट पाहिलेली पहिली फेरी हुकली. आणि मला मात्र हसत सांगितलं, नारळ पावला!

आता दर वेळी निघण्याआधी तो स्वतःच नारळ घेऊन माझ्याकडे येतो. "काकू, इथेच फोडू. खोबरं पोटात घालून नेतो, म्हणजे गडगडणार नाही!"

येत्या शनिवारी निघतोय. तू शुक्रवारीच ये. मागची सीट तुझ्यासाठी रिकामी ठेवते.